आधी विक्रेत्याच्या दारात



पत्रिकेत विषय छापला आहे ‘ऑनलाइन बाजारपेठ : संधी आणि आव्हाने’. संधींबद्दल रोज कुठे ना कुठे वाचायला मिळतंच, तेव्हा तो अर्धा भाग सोडून देतो. मी आज एका आग्रहापायी इथे उभा आहे. ज्याला नवा ऑनलाइन बाजार उभा करायचा आहे, त्याने सुरुवातीचे महिने विक्रेत्यांच्या दारात काढावेत. त्यांच्याकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घ्यायला जाऊ नये. त्यांच्या शेजारी बसून ते काय करतात ते बघावं.

ई-बे १९९५ साली सुरू झालं, फ्लिपकार्टने २००७ साली पुस्तकं विकायला घेतली, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून विक्रेता येत नाही आणि विक्रेता नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही, हा प्रत्येक नव्या बाजाराचा पेचही जुनाच आहे. हा पेच सुटला कसा, याचं एकच उदाहरण घेतो, पण ते नीट घेतो.

ऑक्टोबर २००७, सॅन फ्रान्सिस्को. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे डिझाइन शिकलेले दोन तरुण भाड्याच्या घरात राहत होते आणि भाडं वाढलं होतं. शहरात डिझायनरांची मोठी परिषद भरणार होती, हॉटेलं भरून गेली होती. यांनी घरात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या आणि वेबसाइटवर जाहीर केलं, की ८० डॉलरमध्ये रात्रीचा मुक्काम आणि सकाळी नाश्ता. (श्रोत्यांतून : “गाद्या भाड्याने तर आमचे मंडपवालेही देतात!” हशा.) देतात ना! पण मंडपवाल्याच्या घरी तुम्ही झोपायला जात नाही. परक्या माणसाला घरात घ्यायचं आणि परक्याच्या घरी निर्धास्त झोपायचं, हा विश्वास इंटरनेटवर कसा तयार करायचा, हाच तर प्रश्न होता.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणताहेत, की हे सगळं अमेरिकेतलं, त्याचं आम्हाला काय? त्या तीन गाद्यांवर जे तिघे पाहुणे आले, त्यांतला एक मुंबईचा होता. डिझाइन शिकायला तिकडे गेलेला. आपली कल्पना लोकांपुढे मांडण्यासाठी या यजमानांनी ज्या स्लाइड बनवल्या होत्या, त्यांत त्यांनी या पाहुण्यालाच घातलं. म्हणजे तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसलेला आणि त्याच वेळी स्लाइडवरही! आज एअरबीएनबी म्हणून जगभर पसरलेल्या बाजाराच्या पहिल्या तीन गिऱ्हाइकांत आपल्या मुंबईचा माणूस होता. तेव्हा ही गोष्ट आपली नाही, असं मी मानत नाही. (टाळ्या.)

पुढचं वर्ष मात्र कठीण गेलं. मार्च २००८ मध्ये ऑस्टिन शहरातल्या एका मोठ्या महोत्सवाच्या वेळी त्यांनी साइट पुन्हा सुरू केली. बुकिंग झाली दोन, आणि त्यांतलं एक खुद्द चेस्कीचं! आकडा बघून कोणीही म्हणेल, की गाशा गुंडाळा. पण चेस्की पाहुणा म्हणून ज्या घरी उतरला, तिथे तो रोख पैसे काढून न्यायला विसरला. यजमान भला, घर चांगलं, आणि पैशांचा विषय निघाला की दोघंही अवघडणार. एकाच छपराखाली राहून पैसे मागायचे कसे आणि थकवायचे कसे? तिथे त्याला कळलं, की पैसे साइटवरूनच चुकते व्हायला हवेत. हे कोणत्या फॉर्ममध्ये आलं असतं? ‘आपला अनुभव कसा होता?’ या प्रश्नाला त्या यजमानाने ‘उत्तम’ असंच उत्तर दिलं असतं. अवघडलेपणा माणूस लिहून देत नाही, तो तिथे हजर राहूनच कळतो.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. २००९ च्या जानेवारीत ही मंडळी वाय कॉम्बिनेटर या संस्थेत दाखल झाली. नवे उद्योग उभे करायला मदत करणारी ही संस्था तेव्हा माउंटन व्ह्यूमध्ये होती. तिचे एक संस्थापक पॉल ग्रॅहम यांनी विचारलं, तुमचे यजमान आहेत कुठे? बहुतेक न्यूयॉर्कमध्ये, असं उत्तर मिळालं. मग तुम्ही इथे काय करताय, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं होतं आणि खिशात पैसे नव्हते. तरी चेस्की आणि गेबिया जात राहिले. तिसरा भागीदार नेथन ब्लेचारझिक मागे राहून कोड लिहीत होता.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना काय दिसलं? घरं चांगली होती, पण साइटवरचे फोटो अंधारे होते, मोबाइलवर कसेबसे काढलेले. असा फोटो बघून कोण पैसे देईल? त्यांनी कॅमेरा भाड्याने घेतला आणि दारोदार जाऊन स्वतः फोटो काढले. आठवड्याची कमाई २०० डॉलरवर अडकली होती, ती ४०० झाली. रक्कम क्षुल्लक वाटते ना? पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. आणि फोटो काढायला गेलेला माणूस घरात तासभर थांबतो, चहा-कॉफी होते, यजमान बोलू लागतो. अशाच एका घरी यजमानाने भेटीच्या शेवटी एक जाडजूड फाइल पुढे ठेवली. त्यांच्या साइटमध्ये काय काय सुधारायला हवं, याची त्याने लिहिलेली डझनावारी पानं! विचार करा, हा माणूस पानंच्या पानं लिहून बसला होता आणि कोणी घरी येईपर्यंत ती त्याच्या कपाटात होती.

एका वादकाला दौऱ्यावर जाताना सगळं घरच भाड्याने द्यायचं होतं. पण तेव्हाचा नियम असा, की यजमान घरी असलाच पाहिजे, पाहुण्याला नाश्ता दिलाच पाहिजे. ती अट पुढे गेली आणि धंद्याचं रूपच पालटलं. मागणी करणारा एकटा होता, पण…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहाच मिनिटं उरली? बरं, न्यूयॉर्कमधून निघू या.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. लाखभर विक्रेते झाल्यावर कोण घरोघरी जाणार? कोणीच नाही, आणि म्हणूनच ते थोडे असताना जायचं. एअरबीएनबीने २०१० मध्ये व्यावसायिक छायाचित्रकार पाठवायला सुरुवात केली, पण फोटोने काय बदलतं हे त्याआधी मालकांनी स्वतः अनुभवलं होतं. ग्रॅहम यांचाही सल्ला हाच, की लाखो लोकांना बरं वाटण्यापेक्षा शंभर जणांना मनापासून आवडू दे.

ताऱ्यांच्या मानांकनावर सविस्तर बोलणार होतो, आता धावतं सांगतो. ई-बेने फेब्रुवारी १९९६ मध्ये विकणारा आणि घेणारा यांनी एकमेकांना शेरे देण्याची सोय केली. अनोळखी लोकांत व्यवहार होऊ लागले, हे तिचं मोठं श्रेय. पण मी वाईट शेरा दिला तर तोही देईल, या भीतीने लोक गोड बोलू लागले. २००८ मध्ये ई-बेला विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकारच काढून घ्यावा लागला. एअरबीएनबीने २०१४ पासून दोघांचे अभिप्राय एकाच वेळी उघडायला सुरुवात केली. आठवडी बाजारात जागा वाईट मिळाली, तर विक्रेती तिथल्या तिथे ठेकेदाराशी भांडते. ऑनलाइन बाजारातली विक्रेती भांडत नाही. ती पुन्हा येत नाही, आणि न येणारी तारे देत नाही.

आपल्यात आज बचत गटांच्या ताई बसल्या आहेत आणि त्यांचा माल ऑनलाइन नेऊ पाहणारी मुलंही आहेत. त्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जिल्हाभर उद्घाटन करण्याआधी दहा घरी जा. पापडाचं पार्सल त्या कशा बांधतात ते बघा, कुरिअरवाला गावात येतो की तालुक्याला जाऊन द्यावं लागतं ते विचारा. फोटो ट्यूबलाइटखाली काढलाय का, तेही बघा. आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते नक्की विचारा. नंबर मुलाचा असेल आणि तो फोन घेऊन कॉलेजला गेला असेल, तर आलेली ऑर्डर संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहणार. मग तुमच्या संगणकावर शेरा दिसेल, की विक्रेती प्रतिसाद देत नाही. ती चुलीपाशी काम करत असते हो, तिच्यापर्यंत निरोपच पोचलेला नसतो!

(घंटा.) वेळ संपली. प्रश्नांच्या चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत, त्यांची उत्तरं व्यासपीठावरून देत नाही. खाली येतो. लोणच्याच्या बरण्या वाटेत फुटतात असं ज्या ताईंनी लिहून पाठवलंय, त्यांनी आधी पुढे यावं, आणि ॲप बनवणाऱ्या मुलांनीही माझ्याबरोबर त्यांच्याशेजारी बसावं.