फोन काढून घेण्याआधी

(भोर आणि वेल्हे परिसरातील पालकांच्या भोर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विंझर, मार्गासनी, वेल्ह्याहून आलेल्या भगिनींना परतीची एसटी गाठायची आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. बैठक ठरली तेव्हा निरोप आला होता, "मॅडम, पोरांना मोबाईलपासून लांब कसं ठेवायचं ते सांगा." ते मी सांगणार नाही, कारण ते होणार नाही. कॉलेजची सूचना, शिष्यवृत्तीचा फॉर्म, क्लासचा ग्रुप, सगळं फोनवरच येतं. डोंगराआड रेंज मिळत नसेल तर मुलं रेंजच्या वळणावर जाऊन उभी राहतात, हे तुम्हीच पाहता.

मी एकच प्रश्न घेऊन आले आहे. फोनवर काही वाईट घडलं, तर तुमचं मूल पहिल्यांदा तुम्हाला सांगेल का?

धमकीचा धंदा कसा चालतो ते बघा. इन्स्टाग्रामवर अनोळखी रिक्वेस्ट येते, फोटो छान असतो. आठ दिवस गोड बोलणं होतं, मग व्हॉट्सॲपचा नंबर मागितला जातो, मग एखादा फोटो किंवा व्हिडिओ कॉल. कॉलचं रेकॉर्डिंग झालेलं असतं. मग मेसेज येतो, "पैसे पाठव, नाहीतर घरच्यांना पाठवतो." आता तर मुलीनं काही पाठवलंच पाहिजे असंही नाही. साध्या डीपीवरून नकली घाणेरडा फोटो तयार करता येतो. या सगळ्यात त्या माणसाच्या हातात खरं हत्यार कोणतं? फोटो नव्हे. "घरच्यांना कळलं तर" ही मुलीची धास्ती. ती धास्ती त्यानं तयार केलेली नाही, आपण केली आहे. फोन जाईल, कॉलेज बंद होईल, आणि स्थळं बघायला सुरुवात होईल, हे तिला पक्कं माहीत असतं. म्हणून ती गप्प बसते आणि तो आणखी मागत जातो. मुलगेही गप्प बसतात. ते अब्बांच्या फोनवरून गुपचूप पैसे पाठवतात, कारण त्या फोनचा पिन त्यांना आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो.

म्हणून आज घरी गेल्यावर मुलीला तोंडानं सांगा, "असं काही झालं तर तुझं शिक्षण थांबणार नाही." मनात आहे म्हणून भागत नाही, बोलावं लागतं. आणि हे तिच्या अब्बांनी बोललेलं जास्त चांगलं, कारण भीती त्यांचीच असते.

सांगितलंच तिनं, तर पुढे काय? चॅट पुसू नका. आपला पहिला हात तिकडेच जातो, पण तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव आणि लिंक उतरवून ठेवा, मगच ब्लॉक करा. पैसे देऊ नका. दिले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचे असे फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फक्त तोच पुढे जातो.

"पोलीस ठाण्याची पायरी चढलो की गावभर होतं," असं मघाशी एक चाची म्हणाल्या. त्यासाठी पोक्सो कायदा, २०१२ चा, नीट माहीत असू द्या. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. तिचं नाव, फोटो, शाळा छापायला मनाई आहे. हे आपण मागायचं असतं. आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

आता मुलग्यांबद्दल, कारण आपण सगळी काळजी मुलींच्या वाट्याला देतो. वर्गातल्या मुलीचा तसला फोटो ग्रुपवर पुढे ढकलणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फोटो त्यानं काढलेला नसला तरी. जानेवारी २०२२ मध्ये 'बुली बाई' ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत अठरा-एकवीस वर्षांची मुलं होती, त्यांत एक मुलगीही होती. तीही कुणाच्या तरी घरात, खोलीचं दार लावून, 'अभ्यास' करत असणार.

आणि स्टेटस. इथे आपल्या समाजाची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या शाहीन धाडानं बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, रिनू श्रीनिवासननं ते फक्त लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि शाहीनच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. मुलींचं काहीच चुकलं नव्हतं. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ६६अ रद्द केलं. हडपसरला २ जून २०१४ ला जमावानं मोहसीन शेखला मारलं. निमित्त होतं फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांचं, आणि त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून काही पालक म्हणतात, मुलानं काही लिहूच नये. मला ते पटत नाही. बंद पाळावा की नाही यावर मत असणं हा नागरिकाचा हक्क आहे. पण कुणाला डिवचायला टाकलेलं तलवारीचं रील म्हणजे मत नव्हे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक कुणीतरी घरात बसून समजावायला हवा. स्टेटस चोवीस तासांत जातं, स्क्रीनशॉट जात नाही. ज्या गावात आपली चार-पाच घरं आहेत, तिथे त्याचा हिशेब पाचही घरांकडे मागितला जातो. ते अन्यायाचं आहे, तरी होतं. आणि त्याच्या नावानं दुसऱ्याच कुणी खोटं खातं उघडलं असेल तर? ते त्याला आधी कळलं, त्यानं तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही लगेच ठाण्यात तक्रार नोंदवली, तर लोक दारात जमायच्या आत तुमच्याकडे कागद असतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. इन्स्टाग्रामला किमान वय तेरा आहे. अठराच्या आतल्यांना आता आपोआप 'टीन अकाउंट' मिळतं. खातं खाजगी राहतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे बदलायचं तर पालकांची परवानगी लागते. पण बहुतेक मुलांनी खातं उघडताना जन्मसाल वाढवून टाकलेलं असतं, आणि मग हे कुंपण लागतच नाही. ज्यांची मुलं सोबत आली आहेत त्यांनी थांबा. फोन मुलांच्याच हातात राहू द्या, तीच उघडून दाखवतील. खिडकीकडच्या टेबलावर बसते मी, तिथे रेंज बरी आहे. लांबच्या गाड्या ज्यांच्या आहेत ते आधी या.