सुईतून जाणारी परांची : इंजेक्शनद्वारे ऊतिदुरुस्ती आणि पदार्थाच्या उगमाचा प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कोरेगाव भीमा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



४८ मिनिटांचे सामायिक एका आसनावर बसून पूर्ण करताना साठी ओलांडलेल्या श्रावक-श्राविकांच्या गुडघ्यांना काय सोसावे लागते, हे या सभागृहात सांगावयास नको. खमासमण देताना भिंतीचा आधार शोधणारे हात प्रत्येक उपाश्रयात दिसतात. एकदा झिजलेली सांध्याची कूर्चा पुन्हा नीट वाढत नाही, कारण तिला रक्तवाहिन्याच नसतात. हाडाचे तसे नाही. ते जुळते, मात्र नगर रस्त्यावरील अपघातात किंवा सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यात यंत्राखाली हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला, तर ती पोकळी हाडालाही भरून काढता येत नाही. अशा ठिकाणी बाहेरून पदार्थ पुरवून शरीराला दुरुस्तीची संधी देणे, हे जैवपदार्थशास्त्राचे कार्य होय.

इमारत बांधताना गवंडी प्रथम बांबूची परांची उभारतो आणि भिंत उभी राहिली की ती काढून घेतो. शरीरात सोडलेला जैवपदार्थ अशाच परांचीचे काम करतो. त्याच्या सच्छिद्र जाळ्यात पेशी शिरतात, स्थिरावतात, नवे ऊतक विणतात. दरम्यान ते जाळे हळूहळू विरघळून जाते. जाळे लवकर विरघळले तर पेशी निराधार होतात, रेंगाळले तर नव्या ऊतकाला जागा उरत नाही. या शास्त्रातील बरीचशी मेहनत हा काळ साधण्यातच खर्ची पडते.

परांची सुईतून कशी जाणार, हा कुतूहलाचा भाग. पदार्थ सिरिंजमध्ये पातळ हवा आणि शरीरात पोहोचताच घट्ट व्हावा. थंडीत साजूक तूप थिजते हे सर्वांना ठाऊक आहे. काही पदार्थ याच्या नेमके उलट वागतात, थंड असताना पातळ राहतात आणि शरीराच्या ३७ अंश उष्णतेला थिजतात. सॉसची बाटली हलवली की सॉस वाहू लागतो व ठेवल्यावर पुन्हा स्थिर होतो, तसे काही जेल दाबाखाली वाहतात आणि दाब सरताच सावरतात. अल्जिनेट हा तिसरा प्रकार. तपकिरी समुद्रशैवालातून मिळणारा हा पदार्थ कॅल्शियमचा स्पर्श होताच गोठतो. जिलेटीन टाळण्यासाठी जैन स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा चायना ग्रासही समुद्रशैवालाचाच, हे भगिनींच्या लक्षात आले असेलच.

येथेच आजच्या विषयाचा गाभा आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधणारे डोळे इंजेक्शनच्या खोक्यावर काय शोधणार? तेथे ठिपका नसतो.

गुडघ्यात दिल्या जाणाऱ्या हायल्युरॉनिक ॲसिडचेच उदाहरण घ्यावे. १९३४ साली कार्ल मेयर व जॉन पामर यांनी हा पदार्थ प्रथम गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. पुढे एंड्रे बालाझ यांनी तो कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध स्वरूपात मिळवला आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियांत त्याचा मोठा उपयोग झाला. गुडघ्यासाठीच्या इंजेक्शनांना अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली, तीही कोंबड्याच्या तुऱ्यापासून केलेल्या उत्पादनांना. नंतर तोच पदार्थ जीवाणूंच्या साहाय्याने, आंबवण्याच्या प्रक्रियेने बनू लागला. आज दोन्ही प्रकार प्रचारात आहेत. रेणू एकच, उगम भिन्न. आणि सिरिंजकडे पाहून तो ओळखता येत नाही.

कोलॅजनची कथा याहून सरळ आहे. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले कोलॅजनचे इंजेक्शन गाईच्या कातड्यापासून केलेले होते आणि काही रुग्णांना त्याची ॲलर्जी होत असल्याने आधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे. कायटोसान खेकडे व कोळंबीच्या कवचापासून निघते, क्वचित बुरशीपासूनही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूत देण्यासाठी अमेरिकेत कॅरेन ख्रिस्टमन यांच्या गटाने जे जेल तयार केले, ते डुकराच्या हृदयस्नायूतील पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळ्याचे आहे. १५ रुग्णांवरील त्याची पहिली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दातांचे इम्प्लांट बसवण्यापूर्वी जबड्यात भरली जाणारी पूडही कित्येकदा गाईच्या हाडाची असते. हे ऐकून अनेकजण दचकतील, कारण दंतवैद्याकडे हा प्रश्न विचारावा असे सहसा कोणाला सुचत नाही.

दुसरी बाजूही आशादायक आहे. ब्राउन व चौ या अमेरिकी संशोधकांनी १९८०च्या दशकात शोधलेले कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट पूर्णतः खनिज आहे. पूड व द्रव कालवून ते पोकळीत भरले की तेथेच हाडातील खनिजासारख्या रूपात घट्ट होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेनेही असे सिमेंट विकसित केले आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने प्रयोगशाळेत जुळवलेल्या पेप्टाइड रेणूंचे इंजेक्शन मज्जारज्जू दुखावलेल्या उंदरांना दिले आणि ते उंदीर पुन्हा चालू लागल्याचे २०२१ साली प्रसिद्ध केले. पदार्थ कृत्रिम, पण प्रयोग उंदरांवर! औषधाचा उगम शुद्ध असला तरी त्याच्या वाटेवर जीव असतोच, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुण्याशी निगडित उदाहरण रेशमाचे आहे. १९५० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनावर संशोधन केले आणि त्यातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. हाडातील पोकळी आणि जखमा भरून काढण्यासाठी रेशमाचे प्रथिन वापरणे, हे तिचे उद्दिष्ट. फायब्रॉइन मजबूत असते, शरीर ते सहन करते व कालांतराने विघटित करते. अन्य प्रयोगशाळांनी त्याचे द्रावण ध्वनिलहरींनी हलवून सुईतून देता येईल असे जेलही केले आहे.

रेशीम म्हणताच सभागृहात कुजबुज होणे स्वाभाविक आहे. पूजेतही रेशमी वस्त्र नको, अशी भूमिका अनेक कुटुंबांनी घेतली आहे, कारण कोष उकळताना आतील जीव मरतो. मात्र येथे एक बारकावा आहे. कोष उकळण्याचे कारण वस्त्राला लागणारा अखंड धागा. पतंग कोष फोडून बाहेर पडला की धागा तुटतो. औषधाला अखंड धागा लागतच नाही. प्रयोगशाळेत कोष कात्रीने कापतात, सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरील सेरिसिन काढतात आणि उरलेले तंतू क्षारांच्या द्रावणात विरघळवतात. म्हणजे पतंग उडून गेल्यावर उरलेला फुटका कोषही तत्त्वतः या कामी येऊ शकतो. विणकराला जे अडचणीचे, ते रसायनशास्त्रज्ञाला चालणारे आहे. जालना-बीडकडे तुती लावणाऱ्या शेतकऱ्याकडून असे कोष वेगळे खरेदी करणे खर्चिक ठरेल, हे खरे. पण ती अडचण अर्थकारणाची आहे, शास्त्राची नव्हे. मागणी करणारा समाज असेल, तर उत्पादक ऐकतात.

कोंबडा, गाय, डुक्कर हे पंचेंद्रिय जीव आणि समुद्रशैवाल वनस्पतिकाय, एवढा भेद सर्वांना समजतो. जीवाणूंपासून केलेल्या औषधाविषयी मात्र मते भिन्न असू शकतात; ती शंका साधू-साध्वींपुढे ठेवावी. डॉक्टरांपुढे ठेवण्याचा प्रश्न निराळा आहे: हा पदार्थ कशापासून केला आहे आणि दुसरा पर्याय आहे का? तो नियोजित उपचारापूर्वी, निवांतपणे विचारावा. अपघातानंतर शस्त्रक्रियेच्या दाराशी नातेवाइकांनी वाद घालणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ज्यांचा नियम कडक आहे, त्यांनी तो घरात आधीच सांगून ठेवलेला बरा.

आणखी एक प्रश्न उगमाइतकाच महत्त्वाचा आहे: याने गुण येतो का? २०२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गुडघ्याच्या हायल्युरॉनिक इंजेक्शनांच्या १६९ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत २० हजारांहून अधिक रुग्ण होते. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेत पडलेला फरक रुग्णाला जाणवेल इतका नव्हता, आणि गंभीर दुष्परिणाम काहीसे अधिक आढळले. अल्जिनेटचे एक द्रावण हृदयविकाराच्या झटक्यानंतर ३०३ रुग्णांवर तपासले गेले. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांत अपेक्षित लाभ दिसला नाही. शैवालापासून केलेले म्हणून ते गुणकारी ठरले नाही, आणि कोंबड्यापासून केलेले इंजेक्शन महाग म्हणून उत्तम ठरत नाही. हाडातील पोकळी भरणारी खनिज सिमेंटे मात्र अनेक वर्षे प्रत्यक्ष वापरात आहेत. गुडघ्याच्या बाबतीत वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीच्या स्नायूंचा नित्य व्यायाम करणे यांना वैद्यकाचा आधार अधिक भक्कम आहे. त्यात कोणत्याही जीवाचा प्रश्न येत नाही. आणि तरीही जमले नाही, तर खुर्चीवर बसून केलेल्या सामायिकाची वेळ ४८ मिनिटेच असते.