घमेलं बाईचं, पाणी कुणाचं?

(महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पाणीटंचाईत लहान शेतकऱ्याला गावानं आधार कसा द्यावा, या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. आधार म्हटलं की आपल्याला टँकर, चाराछावणी, धान्यवाटप आठवतं. ते लागतंच, त्याला मी नाव ठेवत नाही. पण त्याने एक उन्हाळा निभावतो. पुढच्या उन्हाळ्यात आपण परत रांगेत. मला आज दुसऱ्या आधाराबद्दल बोलायचं आहे. गावात जेवढं पाणी आहे त्यात लहान शेतकऱ्याचा, आणि त्या शेतात राबणाऱ्या बाईचा, हक्काचा वाटा किती?

लहान शेतकरी म्हणजे कोण, हे आधी बघू. ज्यांची जमीन दोन हेक्टर म्हणजे पाच एकरांच्या आत आहे, ते. महाराष्ट्रात दर पाच खातेदारांमधले जवळपास चार या गटात येतात. त्यातले पुष्कळ कोरडवाहू, पावसावर जगणारे. विहीर असली तर भावकीत चार हिश्श्यांची, म्हणजे चौथ्या दिवशी पाळी. त्यात वीज रात्रीची. आणि घरातला बाप्या कामासाठी शहरात गेलेला असला, तर रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला कोण जातं? बाई जाते. चिखलात, साप-विंचवात, एकटी जाते. पण शेतकरी कोण, असं तलाठ्याच्या कागदाला विचारलं तर तिथं तिचं नाव नसतं. देशाच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार शंभर खातेदारांत बाया फक्त चौदाच्या आसपास निघाल्या. शेतातलं निम्म्याहून जास्त काम बाया करतात, हे तुम्हाला गणनेनं सांगायला नको.

आता विहीर आटली की काय होतं ते क्रमानं बघा. पहिल्यांदा भाजीचा वाफा जातो. तो बाईचा असतो. घरात ताटात काय पडायचं, हे त्यावर ठरत असतं. मग शेळी विकली जाते. तीही बहुतेक बाईचीच. मग बचत गटातून कर्ज निघतं. बोअर घ्यायचा ठरतो. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली किती खोल गेलं तरी पाणी लागेलच असं नाही, आणि लागलं तर ते बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचंच असतं. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा तो खोल जातो, आणि ज्याच्याकडे नाही त्याची विहीर कोरडी पडते. शेवटी लहान शेतकरी मुकादमाकडून उचल घेतो आणि जोडीनं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो.

इथं जरा थांबा. उसाला हंगामाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. हरभऱ्याला अडीचशे-तीनशे पुरतं. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यावर सात-आठ एकर हरभरा निघेल. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी तो पितो, हा अंदाज केंद्र सरकारच्या कृषिमूल्य आयोगानंच मांडलेला आहे. ज्या पिकाकडे पाणी गेलं म्हणून आपल्या बाईचं शेत वाळलं, तेच पीक तोडायला ती जाते. आणि तिथं काय होतं? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली तरी खाडा नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची. तेव्हा पाण्याचा प्रश्न हा शेतीचा प्रश्न आहे, बाईचा नाही, असं आपल्याला कुणी सांगू नये.

मी एम.एस.डब्ल्यू. करत असताना आम्हाला पाणलोटाचा नकाशा काढायला शिकवलं. माथा, पायथा, ओढे, विहिरी, सगळं त्यात होतं. पाण्याची वाटणी मात्र कुठल्याच नकाशात नसते. ती मी गावात शिकले, आणि ज्यांनी आपल्याआधी हे काम केलं त्यांच्याकडून शिकले. त्यातली दोन-तीन उदाहरणं सांगते, कारण नव्या कार्यकर्त्यांना ती माहीत नसतात.

१९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडीकेंद्रांवर आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. त्याच वेळी विलासराव साळुंखे नावाचे इंजिनियर, पुण्यात ज्यांचा कारखाना होता, ते पुरंदर तालुक्यात आले. नायगावला देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी खंडानं घेतली, पाणी अडवून दाखवलं. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान निघालं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

म्हणजे शंभर एकरवाला आणि तीन एकरवाला पाण्यापुढे सारखे. पन्नास वर्षांपूर्वी हे एका कोरड्या तालुक्यात शेतकऱ्यांनी करून दाखवलं. आपण बायांच्या बाजूनं त्यात एक भर घालू. माणशी मोजताना बाई मोजली गेली, पण हक्क कुटुंबाचा राहिला. कुटुंब म्हणजे कोण, हे तुम्ही जाणता. नवऱ्यानं टाकली की बाई कुटुंबातून बाहेर, आणि तिचा अर्धा एकर आत.

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. खानापूर तालुक्यात येरळा नदीच्या वाळूचा बेसुमार उपसा चालला होता. वाळू गेली की नदीचं पाणी धरून ठेवणारी गादीच गेली. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी १९८० च्या दशकात तांदूळवाडी आणि बलवडी या दोन गावांसाठी स्वतः धरण बांधायचं ठरवलं, बळीराजा धरण. त्यासाठी थोडी वाळू गावानं विकायची आणि त्या पैशातून बांधकाम करायचं. त्याच्या परवानगीसाठी सरकारशी भांडावं लागलं. पाणी भूमिहीनांसह सगळ्या घरांना, आणि उसाला नाही, हे तिथं आधी ठरलं. भिंत नंतर उभी राहिली. हा क्रम लक्षात ठेवा. पाणी आल्यावर वाटणीची बैठक घेतली तर तोवर ज्याची मोटर मोठी त्यानं पाणी उचललेलं असतं.

त्याच भागात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. टाकलेल्या बाईला स्वतःचं रेशनकार्ड, घराला जागा, जगायला साधन. पुढे १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, डॉ. भारत पाटणकर आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानं समन्यायी पाणीवाटपाची मागणी उभी राहिली. बाईचा आणि भूमिहीनाचा पाण्यावर हक्क, ही गोष्ट आपल्याच मातीत वाढली आहे. ती परदेशातून आलेली नाही.

आता आजचं बोलू. २०१४ नंतर जलयुक्त शिवार आलं. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत वॉटर कपच्या स्पर्धा झाल्या. बाया पहाटे उठून, स्वयंपाक उरकून, चर खणायला गेल्या. मी स्वतः त्या बायांबरोबर घमेली उचलली आहेत. त्या दिवसांत गावात जे एकदिलाचं वारं होतं ते खोटं नव्हतं. पण एका बाईनं मला जे विचारलं ते मी अजून विसरले नाही. ती म्हणाली, "ताई, सव्वा महिना माती वाहिली. पाणी आलं ते मळ्यातल्यांच्या विहिरीला. माझ्या माळाला काय?" तिचं शेत माथ्यावर होतं. माथ्यावर चर खणले की पाणी पायथ्याला जातं, हा पाण्याचा धर्म आहे. पायथ्याची जमीन कुणाची, हा मात्र पाण्याचा धर्म नाही, तो माणसानं लावलेला हिशेब आहे.

पूर्वी गावात इर्जिक होती, सावड होती. एकाच्या शेतात सगळ्यांचे बैल जायचे, मग दुसऱ्याच्या. त्यात फेड होती. ज्याच्याकडे मी राबले तो माझ्याकडे राबेल, हा करार होता. (इर्जिकीचा स्वयंपाक मात्र बायांनीच रांधायचा आणि त्याची फेड कुणी करायची नाही, हेही होतं.) आजच्या श्रमदानात फेड राहिली नाही. दान एकीचं आणि लाभ दुसऱ्याचा, याला गावाचा आधार म्हणत नाहीत. त्याला वेठ म्हणतात.

शेततळ्यांचंही तेच. शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायचं, ही मूळ कल्पना. पण अनेक ठिकाणी तळ्यात प्लास्टिक अंथरतात आणि हिवाळ्यात विहिरीतून उपसून ते भरून ठेवतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल तळ्यात वीस लाख लिटरच्या वर पाणी मावतं. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या कुंपणात कोंडलं जातं. मार्चमध्ये शेजारणीची विहीर तळ गाठते आणि तळ्यातलं पाणी उन्हानं उडून जात असतं. आपण हे बोललं पाहिजे, कारण अनुदान सरकारी आहे.

मग गटांनी करायचं काय? मोठं काही सांगत नाही. पाच कामं सांगते.

पहिलं, पाण्याचा ताळेबंद गावात मांडायला लावा. हिशेब सोपा आहे. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर. चारशे मिलिमीटर पडला तर एकराला सोळा लाख लिटर. त्यातलं उडालं किती, वाहिलं किती, मुरलं किती, हे भूजल विभागाच्या माणसाला विचारा. पावसाळा संपला की, रब्बीच्या पेरणीआधी, ग्रामसभेत आकडे फळ्यावर लिहा. पहिला वाटा माणसांना, दुसरा जनावरांना, उरेल त्यात पीक ठरवायचं. हिवरे बाजारला पोपटराव पवार सरपंच असताना गावानं हेच केलं. तिथं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी नाही म्हटलं. पाऊस कमी झाला त्या वर्षी पिकं कमी पाण्याची घेतली.

दुसरं, बाईचं नाव सातबाऱ्यावर. शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली तेव्हा कितीतरी गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. १९९४ मध्ये राज्यानं आणि २००५ मध्ये केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. पाणीवापर संस्थेचं सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या नावावर मिळतं. नाव नाही तर सभा नाही, सभा नाही तर पाळी नाही. आणि फक्त जमिनीवर थांबू नका. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लिहिलेला असतो, तोही वाचून घ्या. विधवेची वारस नोंद करताना तो सर्रास गळतो.

तिसरं, एकटीच्या पाळीचा प्रश्न. विधवा, परित्यक्ता, जिचा नवरा बाहेरगावी आहे ती, अशा बायांची यादी गटानं करावी. सामाईक विहिरीवर त्यांची पाळी दिवसाची लावून घ्यावी. रात्रीची आलीच तर दोघी-तिघींनी सावड करून जावं. आमच्या दोन गावांत हे चालू आहे. भावकी आधी हसली. पाच-सहा बाया एकदम विहिरीवर येऊ लागल्यावर पाळी चुकवणं बंद झालं.

चौथं, घरात एक एकर मागा. स्वयम् शिक्षण प्रयोगानं मराठवाड्यात बायांबरोबर हे काम केलं आहे. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या निर्णयाखाली, त्यात कडधान्य, ज्वारी, भाजी, कमी पाण्यावर येणारं. नगदी पीक गेलं तरी घर खातं.

पाचवं, श्रमदानाआधी वाटणीचा ठराव. जिनं घमेलं उचललं तिचं नाव लाभार्थ्यांच्या यादीत आलं पाहिजे. ती भूमिहीन असेल तर तलावातली मासेमारी, गाळपेर, चारा यांत तिचा हिस्सा. ठराव लेखी नसेल तर आम्ही येत नाही, असं म्हणायला शिका.

तुम्ही म्हणाल, यात भांडणं होतील. होतील. बचत गट म्हणजे पैसे भरायचे, पापड लाटायचे, हळदीकुंकू करायचं, एवढंच गावाला हवं असतं. पाण्याचं बोललं की 'बायांना यातलं काय कळतं' हे ऐकावं लागतं. पण हंडा डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर चालणारीला पाण्याचं कळत नाही, हे म्हणणाऱ्यालाच काही कळत नाही. २००९ चा भूजल कायदा आहे, शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल जाण्यावर त्यात बंधन आहे. कायदा पुस्तकात असतो तोवर मोटरवाल्याला त्याची भीती नसते. ग्रामसभेत वीस बाया उठून तो वाचू लागल्या की भीती वाटते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. साऱ्या देशानं ते चित्र पाहिलं. शहराला तहान लागली तर रेल्वे निघते. अडीच एकरवालीच्या वाळल्या तुरीसाठी रेल्वे निघणार नाही. तिच्यासाठी तिच्या गावातलं पाणीच वाटून घ्यावं लागेल. ते मागायला ती एकटी उभी राहिली तर भांडखोर ठरते. आपण गट म्हणून तिच्या मागे उभ्या राहिलो तर तो गावाचा प्रश्न होतो. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाण्याची वाटणी हा विषय लेखी अर्ज देऊन घालून घ्या, आणि पुढच्या शिबिराला येताना त्या ठरावाची नक्कल घेऊन या.

एवढं बोलते आणि थांबते. आता तुम्ही बोला.