आधी काढलेली मूठ

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

सलाम. आमच्या मंडळीत एकमेकांना भेटलं की सलाम म्हणतात, तो शब्द सवयीने आधी आला.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ख्रिस्ती धर्मातील दान’. विषय मोठा आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, ती पहिल्याच मिनिटाला सांगून टाकते, कारण तासाभरात मी फिरून फिरून तिच्यापाशीच येणार आहे. देवाला द्यायचं ते आधी काढायचं. चुलीवर आधण ठेवायच्या आधी. महिनाअखेरीला उरलं तर देऊ, उपासनेत थैली आपल्यापुढे आली की खिशात हाताला लागेल ते टाकू, याला मी दान म्हणायला तयार नाही. मन उदार झालं की हात सुटेल असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं उलट आहे. हाताला सवय लावा, मन त्याच्या मागून येतं.

दशांशाबद्दल मी फार बोलणार नाही. लेवीय, अनुवाद, मलाखी, हे सगळं तुमच्यापैकी अनेकांच्या वाचनातलं आहे, आणि ज्यांच्या नाही त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की इस्राएलाला उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवासाठी काढायला सांगितला होता आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवांच्या पोटात जायचा. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, पडलेली कणसं वेचायची नाहीत, हाही नियम होता. बायबलमधली रूथ त्या नियमावर जगली. पुढे जाऊ.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दापाशी थोडी थांबते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा आणि नववा अध्याय दानावरच आहे. यरुशलेमातल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी चालली होती. करिंथच्या मंडळीने वर्षापूर्वी शब्द दिला होता आणि काम रेंगाळलं होतं. त्यांना पौल उत्तरेकडच्या मासेदोनियातल्या मंडळ्यांचं उदाहरण देतो. फिलिप्पै, थेस्सलनीका तिकडचीच. ती माणसं स्वतः हलाखीत होती आणि तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून विनवत होती. त्यांच्या देण्याला पौलाने जो ग्रीक शब्द वापरलाय तो आहे ‘हाप्लोतेस’. मराठीत तिथे आपण औदार्य वाचतो. पण इफिसकरांच्या पत्रात हाच शब्द सरळ, निष्कपट मनासाठी येतो. प्रामाणिकपणा आणि उदारपणा या दोन गुणांना एकच शब्द! त्याच्या मुळाशी आहे एकेरीपणा, घडी नसलेलं असणं.

आपल्या भाषेत मला याला जवळचा शब्द सापडला तो ‘एकपदरी’. पदर म्हणजे दोऱ्याचा पीळ आणि पदर म्हणजे लुगड्याचाही. स्वतःच्या गाठीचं खर्चलं की आपण पदरमोड म्हणतो, दिलं की पदरात घातलं म्हणतो. देणं एकपदरी असावं. देताना आत दुसरा पदर नसावा: माझं नाव फळ्यावर लागेल का, देव याच्या दसपट परत करील का, शेजारचा किती टाकतोय. बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याचं हेच चुकलं. जमीन विकून आलेले सगळे पैसे द्या असं त्यांना कुणीही म्हटलं नव्हतं. थोडं ठेवून थोडं दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी थोडं ठेवलं आणि सगळं दिल्याचं दाखवलं. तो दुसरा पदर.

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मान हलवताहेत. मला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. चहाच्या वेळी तुम्ही मला विचारलंत: बाई, रोजच्या सवयीने काढलेलं दान यांत्रिक होणार नाही का? त्यात मन कुठे राहिलं? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पौल त्याच नवव्या अध्यायात म्हणतो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, भिडेखातर नको, आणि आनंदाने देणारा देवाला आवडतो. आपण ‘आनंदाने’ यावर बोट ठेवतो. ‘ठरवल्याप्रमाणे’ हा शब्द मात्र नजरेतून सुटतो. ठरवणं म्हणजे आधीच. आणि पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात तर तो सरळ व्यवहार सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने घरी काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गणी गोळा करत बसायला नको. एवढा मोठा वक्ता! समोर उभा राहून त्याने लोकांना रडवलं असतं आणि अंगठ्या काढून घेतल्या असत्या. त्याला ते नको होतं. (टाळ्या)

मन चढतं, मन पडतं. सकाळी उदार असतं, दुपारी भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडतं. (हशा) ते एकदा ठरवतं, पण ठरवलेलं रोज सांभाळण्याचं काम हाताचं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू धनाचं नाव आधी घेतो आणि मनाचं नंतर. धन जिथे ठेवाल तिथे मन जाऊन बसेल, हा तो क्रम. आपण तो उलटा वाचत आलो.

आता विधवेचं दान. मार्कचा बारावा अध्याय. गोष्ट थोडक्यात एवढीच: श्रीमंतांच्या मोठ्या रकमांपेक्षा एका गरीब विधवेची दोन नाणी जास्त, असं येशू म्हणाला. मंदिरातल्या स्त्रियांच्या अंगणात कर्ण्याच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या, असं यहुदी परंपरा सांगते. तो कर्णा आणि त्यात पडणारी नाणी, मोठ्या रकमेचा आवाज किती होत असेल! हिने टाकलेली दोन नाणी म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा ६४वा भाग. मराठी बायबलने तिथे ‘दमडी’ शब्द घातलाय आणि तो फार चपखल आहे. पण एक सांगते, आणि जरा कळवळून सांगते. या गोष्टीच्या लगेच आधी येशू कुणावर संतापलाय ते वाचा. विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर. ही गोष्ट गरिबाच्या हातातली शेवटची दमडी काढून घेण्यासाठी वापरायची नाही. आज माईक घेऊन ‘हजार टाका, देव लाख देईल’ म्हणणारे आहेत. आजारी माणसाच्या घरातून ते पैसे नेतात. मी स्वतः पाहिलंय. नाव घेणार नाही, पण तो सौदा आहे आणि सौद्याला दोन पदर असतात. (टाळ्या)

माझ्या म्हणण्याला पुरावा हवा असेल तर मिझोरामला चला. ११ जानेवारी १८९४ला लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी सायरांगला उतरले. मिझो भाषेला रोमन लिपी बसवली ती त्यांनीच. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९१०मध्ये, मिझो बायकांनी एक रीत सुरू केली: ‘बुहफाई थाम’. बुहफाई म्हणजे कांडलेले तांदूळ, थाम म्हणजे मूठ. प्रत्येक वेळचा भात शिजवायला घेताना आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात काढायचे. मंडळीतल्या बायका घरोघरी जाऊन ते गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. त्या बायकांच्या हातात नाणी नव्हती, तांदूळ होते. आणि काळ कसला? १९११च्या सुमारास तिथे बांबू फुलला. अठ्ठेचाळीसेक वर्षांनी तो फुलतो, बी खाऊन उंदीर माजतात आणि शेतं साफ करतात. त्या दुष्काळाला ते ‘मौताम’ म्हणतात. मूठ काढायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि समोर मौताम. ती रीत आज शंभराहून जास्त वर्षं चालू आहे आणि तिचं वर्षाचं उत्पन्न कोटींच्या घरात आहे. मुठीमुठीने!

आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांचा मुष्टिफंड होता, तो तुम्हाला मी काय सांगायचा. नैवेद्य आधी काढून मग पान वाढणारी घरंही इथे बसली आहेत. म्हणजे ‘आधी’ हा शब्द आपल्या कुणालाच परका नाही.

पण मला ही गोष्ट पुस्तकातून कळली नाही. ती आजीकडून कळली. दोन मिनिटं घेते.

तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. १९७२चा दुष्काळ. मी नऊ वर्षांची. विहिरीला खडखडाट, गुरं बाजारात, वडील आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची आणि दुकानात मिलो. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी इथल्या कितीतरी जणांनी खाल्ली असेल. (सभागृहातून ‘हो, हो’) तिची भाकरी थापताना चिरफळायची आणि गार झाली की दाताला दाद द्यायची नाही. आजी दळणाला धान्य घ्यायची तेव्हा आधी एक मूठ पत्र्याच्या डब्यात टाकायची. डब्याचं नावच ‘देवाचा डबा’. चांगल्या दिवसांत त्यात बाजरी असायची, आता मिलो. मला वाटायचं, आपल्याला जे गिळवत नाही ते देवाला कसं आवडेल? आजीला तसं विचारलं. ती म्हणाली, “आपण खातो तेच त्याला. वेगळं कुठून आणू?”

दर रविवारी तो डबा चर्चच्या पोत्यात रिकामा व्हायचा. ते धान्य कुणाकडे जातं हे पाळकसाहेबांनाच माहीत असायचं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे ते अक्षरशः पाळत.

पावसाळा कोरडा गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात वडिलांच्या पायावर दगड पडला आणि त्यांचं काम सुटलं. आईच्या एकटीच्या रोजावर आम्ही सहा जणं. एका रात्री दिवेलागणीनंतर पाळकीणबाई दारात आल्या, लुगड्याच्या पदराआड गाठोडं. चार-पाच शेर मिलो असेल. वडील खाटेवरून म्हणाले, “बाई, माफ करा. आमच्या घरातून जातं, आमच्या घरात यायचं नाही.” पाळकीणबाई घुटमळल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात काय होतं, देव जाणे. तेवढ्यात आजी उठली. गाठोडं हातात घेतलं, म्हणाली, “दमल्या असाल, बसा.” आणि वडिलांकडे वळून म्हणाली, “तुला द्यायला येतं, घ्यायला येत नाही. मग तू देत होतास ते कशाच्या जोरावर?”

वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आजीने गाठोडं सोडलं, सुपात ओतलं. आणि सुपातली पहिली मूठ तिने उचलली ती देवाच्या डब्यात टाकली. मिळालेल्या भिक्षेतली पहिली मूठ! मी नऊ वर्षांची पोर, पोटात कालवत होतं, मला इतका राग आला की मी ओरडले, “आजी, ते आत्ता तर तिथूनच आलं ना!” पाळकीणबाई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. आजी म्हणाली, “तिथून आलं म्हणून तर.”

मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी वाचते तेव्हा मला ते सूप दिसतं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं मन मोठं होतं म्हणून ती मूठ काढत होती, की पन्नास वर्षं मूठ काढली म्हणून मन तेवढं झालं? मी पुष्कळ विचार केलाय. त्या रात्री तिच्या मनात उदारता उचंबळली असेल असं मला वाटत नाही. भूक तिलाही होती. तिचा हात डब्याकडे गेला, कारण तो रोज जात होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. दोन मिनिटं म्हणून मी किती घेतली कोण जाणे. पंडिता रमाबाई, केडगावचं मुक्ती मिशन, तिथल्या मुलींचं दान, रेव्हरंड टिळकांचा सैल हात आणि त्यापायी लक्ष्मीबाईंनी ओढलेला संसार, हे सगळं मी कागदावर लिहून आणलं होतं. ते राहिलं. ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या घरी आहेच. कापणीच्या सणाला देवळात भोपळे, कणसं, कोंबड्या येतात आणि त्यांचा लिलाव होतो, ती गंमतही राहिली.

राहिलेल्या वेळात फक्त व्यवहाराचं सांगते. घरी गेल्यावर एक डबा रिकामा करा. तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवा, देवघरात किंवा कपाटावर नको, जिथे हात रोज जातो तिथे. शिजवायला घेताना आधी मूठ. धान्य नको असेल तर पगाराच्या दिवशी पैसे, पण पहिल्या दिवशी. तो डबा कुठे रिकामा करायचा ते तुमच्या श्रद्धेप्रमाणे ठरवा, फक्त जिथे खरोखर पोट आहे तिथे पोचू द्या. किती, असं विचारू नका. मूठ हे माप ज्याच्या त्याच्या हाताला देवाने बसवून दिलंय. मुलाची मूठ लहान, बापाची मोठी, दुष्काळात भाकरीही लहान होते आणि मूठही तितकी भरत नाही. त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही.

आणि वडिलांचं सांगून थांबते, नाहीतर ते तसेच भिंतीकडे तोंड करून राहतील. पुढच्या वर्षी पाऊस झाला. नवी बाजरी घरात आली त्या संध्याकाळी आई दळायला घेत होती. वडील अजून लंगडत होते. ते उठले, डबा खाली काढला, बाजरीत हात घातला आणि मूठ भरून डब्यात सोडली. त्याआधी त्यांनी ते कधीच केलं नव्हतं, ते बायकांचं काम होतं. आजी दारात बसली होती. तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. मग वडिलांनी डबा माझ्यासमोर धरला.

माझी मूठ तेव्हा एवढीशी होती.

सलाम.