छत्तीस की त्रेसष्ट?



जामनेरच्या बाजारात आईशेजारी बसलेले मजुराचे पोर सव्वा किलो वांग्यांचा हिशेब तोंडी करते. तेच पोर शाळेत शाब्दिक उदाहरणापाशी अडते आणि ‘ढ’ ठरते. घरी तावडी बोलतात. पुस्तकातील ‘अनुक्रमे’, ‘प्रत्येकी’ हे शब्द गणिताच्या आधीच वाट अडवून उभे असतात.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रकल्प चालविला. केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी पाठ्यपुस्तकी भाषेचा अडसर अभ्यासिला, भाषा सुलभ करून पाहिली. विषय पातळ केला नाही, हे ध्यानात घ्यावे.

‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना सहा आधी येतो. पोर ३६ लिहून मोकळे होते. म्हणून २०१९ साली ‘बालभारती’ने दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला ‘साठ तीन’ असे वाचन दिले. केवढा गहजब! विधानसभेतही थट्टा झाली. मंगला नारळीकर कारणे समजावून सांगत राहिल्या, ऐकतो कोण? ज्यांची नातवंडे ‘सिक्स्टी थ्री’ म्हणतात, अशा कित्येकांना तेव्हा मराठीचा कळवळा आला.

शाळा व्यवस्थापन समित्यांवर आपले कार्यकर्ते आहेत. तेथे चर्चा होते ती पत्र्यांची आणि रंगाची. पुढील बैठकीत चौथीच्या पुस्तकातील एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचावे आणि ते किती पालकांना उमगले, हे विचारावे.