मामाची जीप, आमची फोर बाय फोर आणि पाड्याचा चढ

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, की भाई तू जव्हारचा, मग ऑफ-रोडिंगवर बोल ना, तुझ्या तर घरामागेच ट्रॅक असतील. आहेत ना. फक्त आमच्याकडे त्याला ट्रॅक म्हणत नाहीत, पाड्याची वाट म्हणतात. आज गाडी चढवायच्या टेक्निकवर बोलू, आणि माझ्याकडून झालेला एक घोळही सांगतो. तो सांगितल्याशिवाय हा विषय माझ्या तोंडी शोभणार नाही.

आधी रील्सबद्दल. तुम्ही बघता ते लालसर, गुळगुळीत, भिंतीसारखे उभे खडक आणि त्यावर पालीसारखी चढणारी जीप, ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या युटामधलं मोआब असतं. तिथे १९६७ पासून दर ईस्टरला जीप सफारी भरते. त्या खडकाला 'स्लिकरॉक' म्हणतात, म्हणजे निसरडा. पण गंमत अशी की घसरायचे ते घोडे, त्यांच्या लोखंडी नालांमुळे. रबरी टायरला तो वाळूचा खडक सँडपेपरसारखा धरून ठेवतो. त्यात वाळवंट, वर्षाला पाऊस जेमतेम अडीचशे मिलिमीटर. खडक कोरडा तो कोरडाच.

आता आपलं बघा. जव्हार-मोखाड्याचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. या दगडाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आमच्या डोंगराकडे नुसतं बघितलं तरी नाव पटतं. त्यामुळे पाड्याची वाट चढायची म्हणजे एक दगडी पायरी, मग मातीचा पट्टा, मग पुन्हा पायरी. पाऊस मोआबच्या दहापट. जुलैत त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि मधली लाल माती साबण होते.

थोडं गणित करू, इंजिनिअर आहे, राहवत नाही. वीस अंशांचा चढ धरा. फोनवर वीस म्हणजे काहीच वाटत नाही, गाडीत बसलात की बॉनेटच्या पुढे फक्त आभाळ दिसतं. गाडी १७०० किलोची असेल, तर त्यातलं साधारण ५८० किलो वजन तुम्हाला सतत मागे ओढत असतं. चारही चाकं ओढत असली तरी टायर आणि दगडातलं घर्षण किमान ०.३६ लागतं. कोरड्या बेसाल्टवर ते आरामात दुपटीच्या वर असतं. ओल्या शेवाळावर ते त्याच्या खाली जातं, आणि मग तुमचं इंजिन कितीही दमदार असो, चाकं जागेवर फिरतात.

हे सगळं माझ्या मामाला आकड्यांशिवाय माहीत आहे. मामा गेली वीसेक वर्षं जव्हारहून पाड्यांकडे जीप चालवतो. फोर बाय फोर नाही हां, साधी मागच्या चाकांवर चालणारी. रेशनचे कट्टे, सिमेंट, आश्रमशाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, पेशंट, सगळं त्याच जीपमधनं. लहानपणी मला वाटायचं, मामा लोभापायी मागे माणसं कोंबतो. लोभ थोडा असेलही. पण चढावर वजन मागच्या चाकांवर येतं आणि ओढणारी चाकंही मागचीच, म्हणून भरलेली जीप रिकामीपेक्षा चांगली चढते. रिकामी न्यायची असली तर मामा मागे दोन कट्टे दगड टाकतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या हॅचबॅकचं नेमकं उलटं होतं, म्हणून ती घाटातल्या ओल्या चढावर रडते.

मामाकडून शिकलेल्या बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. अवघड चढ आला की आधी उतरून चालत वर जाऊन यायचं, अगदी ओळखीची वाट असली तरी, कारण कालच्या पावसानं दगड हलवलेला असतो. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, चाक त्याच्यावर चढवायचं. मध्ये घेतलात की चेंबर फुटलाच समजा. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. गिअर खालीच ठरवायचा, अर्ध्या चढावर क्लच दाबलात की संपलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चढावर बंद पडली तर तिथेच वळवायची नाही. आडवी झालेली गाडी कोलांटी खाते. ब्रेकवर धरायची, रिव्हर्स टाकायचा, इंजिन चालू करून आलात त्याच रेषेत सरळ मागे उतरायचं. उतरतानाही क्लचवर पाय नको, गाडी इंजिनच्या ताकदीनंच रोखायची. फोर बाय फोरवाल्यांनी फोर-लो टाकला की चाकांवर जोर वाढतो, वेग कमी होतो, आणि हे सगळं बरंच सोपं होतं. सोपं होतं हीच भानगड आहे.

तर आता माझा घोळ. दोन वर्षांपूर्वीचा जुलै. ऑफिसातले आम्ही सहा जण, तीन फोर बाय फोर. मीच म्हटलं, चला माझ्या गावाकडे, दाभोसाचा धबधबा बघू आणि नंतर एक भारी चढ दाखवतो. ओढ्यापासून पाड्यापर्यंत जाणारा. पाड्यावर पंचवीसेक घरं, आणि गाडी जाईल अशी ही एकच वाट.

पहिली गाडी छान चढली. दुसरी मधल्या मातीच्या पट्ट्यात अडकली. चाकं फिरली, चिखल उडाला, मागनं आम्ही शिट्ट्या मारतोय, व्हिडिओ चाललाय. चार वेळा मागे येऊन पुन्हा जोर लावला. शेवटी चढली. तिसऱ्या गाडीपर्यंत तिथे गुडघाभर खोल दोन चर झाले होते. दोन म्हातारे छत्री धरून बघत उभे होते, काही बोलले नाहीत. मला वाटलं, मजा बघतायत. तो व्हिडिओ बऱ्यापैकी चालला, खोटं कशाला बोलू.

तीन आठवड्यांनी मामाचा फोन. "भाच्या, त्या चढावर गाड्या तू नेल्या होत्यास का रे?" मी हो म्हटलं, जरा अभिमानानंच. मामा म्हणाला, चरांमधनं पाणी धावलं, मातीचा पट्टा वाहून गेला, आता नुसती धोंड राहिलीय. काल रात्री पाड्यावरच्या बाळंतीण होणाऱ्या सुनेला आणायला गेलो, जीप चढली नाही. चार माणसांनी डोली करून खाली ओढ्यापर्यंत आणली. तासभर लागला.

बाई सुखरूप आहे, बाळही. हे ऐकेपर्यंतची दहा सेकंदं मी विसरणार नाही. कारण मोखाड्यात ते तसं होतंच असं नाही. २०२२ च्या ऑगस्टमधली बोटोशी गावच्या एका पाड्यावरची बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. घरीच जन्मलेली जुळी बाळं गेली आणि आईला निसरड्या दगडांवरून डोलीतनं मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. याच मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं, पाइपलाइनला बरोबर वाट सापडते.

मी मामाला म्हटलं, पावसानं वाट तशीही गेलीच असती ना? मामा म्हणाला, "गेली असती कदाचित. पण श्रावणात गेली असती, आषाढात नाही. आणि पाऊस काही व्हिडिओ काढत नाही."

मोआबमध्ये हजारो जीप त्याच खडकावरून जातात आणि खडक तसाच राहतो. तिथेही नियम कडक आहेत, ठरलेली वाट सोडून वाळवंटाच्या जमिनीवर चाक घालायचं नाही, कारण तिथला वरचा जिवंत थर एकदा तुटला की भरून यायला अनेक वर्षं जातात. आपल्याकडे तर वाटच नाजूक आहे. पायऱ्यांना धरून ठेवते ती माती, आणि फिरणारं चाक आधी तीच काढतं.

दिवाळीनंतर आम्ही सहापैकी चौघे परत गेलो. दोघांना जमलं नाही म्हणे. पाड्यावरचे लोक आणि मामा होतेच, खरं तर काम त्यांनीच केलं, आम्ही दगड वाहिले. चरात तळाला मोठे दगड उभे ठोकले, वर लहान दगड, त्यावर मुरूम. मी म्हटलं झालं. मामा म्हणाला, पाणी कुठे काढणार? मग चढावर तीन ठिकाणी तिरके चर खणले, दगडांनी बांधले, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी बाजूला उतरतं. दोन दिवस गेले. छत्रीवाल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक जण दगड बसवताना माझ्या शेजारी होता. मी माफी मागितली तर म्हणाला, "तवा जीप मस्त चढली व्हती पण." अजून कळलं नाही, तो चिडवत होता की खरंच म्हणत होता.

व्हिडिओ मी काढून टाकला, जागा ओळखू येत होती. या भागातही नाव घेतलेलं नाही, कमेंटमध्ये विचारू नका. फोर बाय फोर चालवायची हौस असेल तर डिसेंबर ते मे या, वाट कोरडी असताना, आणि आधी पाड्यावर विचारा. पावसाळ्यात आलात तर जव्हारपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे पायी चला, नाहीतर मामाच्या जीपमध्ये मागे बसा. तेवढंच वजन येतं.

वाट यंदाचा पहिला पाऊस तरी टिकली. मधला एक तिरका चर बुजलाय असं मामा म्हणतोय, या शनिवारी फावडं घेऊन जातोय. भेटू पुढच्या भागात.