खिडकीकडचा गाल

पन्नाशी उलटल्यावर मी फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. वर्गातली मुलं माझ्या धाकट्यापेक्षाही लहान. ती मला 'चाचा' म्हणायची. दुसऱ्या महिन्यात सरांनी काम दिलं : स्वतःचा एक फोटो काढा. मनातलं काहीतरी त्यात दिसलं पाहिजे, आणि हसायचं नाही.

मी पडलो कवी. शेरवानी चढवली, मागे पुस्तकांचं कपाट घेतलं, टेबललॅम्प समोर ठेवला. फोटो बघून सर म्हणाले, "छान. सत्काराच्या पत्रिकेवर छापा."

समोरून आलेला उजेड चेहरा सपाट करतो, सुरकुत्या पुसून टाकतो. तोच बाजूने आला की खाचखळगे उठून दिसतात. हे मला कळत होतं, म्हणूनच तर दिवा समोर ठेवला होता! चार वर्षांपूर्वी माझ्या तोंडावरून वारं गेलं. तीन महिने प, ब, म ही अक्षरं ओठांतून निसटून जात. कविता म्हणणाऱ्या माणसाला 'माय' म्हणता येईना. पुढे बरंचसं भरून आलं, पण ओठाची डावी कड जरा उतरलेलीच राहिली. तेव्हापासून कुणी कॅमेरा काढला की मी उजवा गाल पुढे करतो.

सरांनी वर्गात एक जुना फोटो दाखवला होता. फ्रान्समधल्या इपोलित बायार याने कागदावर छायाचित्र उमटवण्याची स्वतःची रीत शोधली होती. पण मान आणि सरकारी पेन्शन दागेरला मिळाली. तेव्हा १८४० साली बायारने बुडून मेलेल्या माणसासारखं, उघड्या अंगाने, डोळे मिटून बसून स्वतःचाच फोटो काढला आणि त्याच्या मागे तक्रार लिहिली. रुसावं तर असं.

एका रविवारी मी पूर्वेच्या खिडकीशी स्टूल मांडलं. दुपारी चारला तिथे ऊन नसतं, नुसता मऊ उजेड. पण कॅमेऱ्यामागेही मी आणि पुढेही मीच, मग फोकस कुणावर करायचा? स्टुलावर छत्री उभी धरायला बायकोला सांगितलं आणि छत्रीच्या मुठीवर फोकस पक्का केला. टायमर दहा सेकंदांचा. बटण दाबून धावत येऊन बसायचं. पहिल्या आठ-दहा फोटोंत चेहऱ्यावर एकच भाव : गाडी मिळाली का?

बायको बघत होती. म्हणाली, "अजी, हा गाल तर सगळ्यांनी पाहिलाय."

मी स्टुलावर वळून बसलो; डावा गाल खिडकीकडे. सावली उजळावी म्हणून दुसऱ्या बाजूला पांढरी चादर टांगली होती. ती तिने काढली आणि तिथे आपली काळी ओढणी धरून उभी राहिली. सावली गडद झाली. ओठाची कड स्वच्छ दिसू लागली.

सोमवारी सरांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. ओठाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "डोळ्यांत उजेडाचा ठिपका नाही. स्टूल वीतभर मागे घ्या, म्हणजे खिडकी थोडी समोर येईल. आणि फोकस पुन्हा करा."

पुढच्या रविवारी आम्ही परत छत्री काढली.